तिसऱ्या चक्कीची पाती

आपेलडोर्न, १२ मार्च १९८५

प्रिय बास,

टेलिफोन काढून टाकून तू काय मिळवलंस ते तुझं तुला ठाऊक. पर्यटक फोन करून चक्की किती वाजता फिरते ते विचारतात, हे कारण मी तीनदा ऐकलंय. पण त्यापायी सख्ख्या बहिणीला प्रत्येक गोष्टीसाठी पत्र लिहावं लागतं, त्याचा विचार केलास का?

तर ऐक. आमच्या महिला मंडळाची सहल यंदा तुझ्या पवनचक्कीवर येते आहे. बुधवार, २२ मे. त्रेचाळीस बायका आणि एक बस. अध्यक्षबाई तेर होर्स्टना ट्यूलिपच्या बागा बघायच्या होत्या. मी सेक्रेटरी या नात्याने उभी राहिले आणि म्हणाले की ट्यूलिप दरवर्षी उगवतात, पण माझा भाऊ ज्या चक्कीत जन्मला त्याच चक्कीत अजून राहतो आणि वाऱ्यावर पाणी उपसतो, असा माणूस आणखी किती दिवस बघायला मिळणार? ठराव पास झाला. बाई अजून फुगून आहेत. म्हणून सांगते, या सहलीत एवढंसंही उणं पडता कामा नये.

तू फक्त चक्की फिरती ठेवायची, चार गोष्टी सांगायच्या आणि चेहरा जरा हसरा ठेवायचा. शेवटचं अवघड जाईल, पण एकच दिवस आहे.

लेंडर्टशी बोलणं सुरू झालं का? तू तिसऱ्या चक्कीत, तो समोरच्या काठावर चौथ्या चक्कीत, मध्ये एक कालवा. अकरा वर्षं वाम माशांच्या जाळ्यावरून अबोला. म्हाताऱ्यांनो, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?

तुझी,
नेल

तिसरी चक्की, १९ मार्च

प्रिय नेल,

आधी ठराव पास करायचा आणि मग मला कळवायचं. लहानपणी माझा बिछाना खिडकीपासून हलवलास तेव्हाही असंच केलं होतंस.

त्रेचाळीस बायका मी कुठे ठेवू? जिन्यावर एका वेळी चौघी मावतात. संडास एक आहे आणि तो कुठे आहे ते तुला आठवत असेल. वारा नसेल तर चक्की फिरणार नाही, हे तुमच्या अध्यक्षबाईंना आजच सांगून ठेव. गेल्या वर्षी एका गटातल्या माणसाने मला विचारलं होतं की बटण कुठे आहे.

आता दुसरी गोष्ट. लेंडर्टला रॉटरडॅमच्या इस्पितळातून घरी आणलंय. डॉक्टरांनी हात टेकले. पोटातलं दुखणं आहे. त्याची मुलगी टिनेके नोकरी सोडून आली आहे, तीच चक्की बघते आणि बापाला बघते. मी परवा होडीतून वाटाण्याचं सूप घेऊन गेलो. तिने दारातच भांडं घेतलं, आत गेली, बाहेर आली आणि म्हणाली, "बास काका, ते नको म्हणतात." सूप नको की मी नको, ते मी विचारलं नाही. भांडं तिने ठेवून घेतलं.

तो जायच्या आत मला त्याच्याशी एकदा बोलायचंय. बाकी सहलीबिहलीत माझं लक्ष नाही.

बास

आपेलडोर्न, २८ मार्च

प्रिय बास,

लेंडर्टचं वाचून वाईट वाटलं. पण तू सूप घेऊन गेलास आणि दारातून परत आलास, याला प्रयत्न म्हणत नाहीत. सरळ आत जायचं, खुर्ची ओढायची आणि म्हणायचं, लेंडर्ट, ते जाळं तूच ठेव. तुम्हा पुरुषांना एक वाक्य बोलायला अकरा वर्षं लागतात.

सहलीचं आता रद्द होणार नाही, बस ठरली. पुढच्या गोष्टी करून ठेव. एक, संडासाला आडोसा आणि जमलं तर दुसरा संडास. दोन, कॉफी आम्ही आणतो, पण पाणी उकळून ठेव. तीन, कुत्रा बांधून ठेव. चार, फोटोसाठी पाती बरोबर थांबव, गेल्या खेपेसारखी.

गेल्या खेपेचा तो फोटो आमच्या सभागृहात अजून लावलेला आहे. १९७४ चा. मी पिवळा रेनकोट घालून ब्रेकच्या दोरीला हात लावून उभी आहे, मागे पाती, निळं आकाश. तुला आठवत नसेल, तू त्या वेळी कुठे गायब झाला होतास देव जाणे. आमची बस येऊन उभी, आणि चक्की कशी, तर पाती रडती. वरचं पातं माथा ओलांडून पुढे गेलेलं, जसं काही घरात कोणी वारलंय. मला इतकी लाज वाटली. म्हटलं, चक्कीवाल्याची मुलगी असून मी हे चालवून घेऊ? ब्रेक सोडला, वाऱ्याने पाती सरकू दिली आणि पुढचं पातं माथ्याला पोचायच्या टीचभर आधी धरलं. एका दमात. मग बायकांना समजावून सांगितलं की माथ्याकडे येणारं पातं म्हणजे घरात आनंद, लग्न, बारसं. माथ्यावरून गेलेलं पातं म्हणजे दुःख. त्या इतक्या खूश झाल्या की परतीच्या वाटेवर दुसरा विषय नव्हता.

तर तसंच. हसती पाती. विसरू नकोस.

नेल

तिसरी चक्की, १४ एप्रिल

नेल,

तुझं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसतोय आणि रोज कागद फाडतोय. आज फाडणार नाही.

वाम माशांच्या जाळ्यावरून आमचं भांडण कधीच नव्हतं. ते मी तुला सांगितलं, कारण काहीतरी सांगायला हवं होतं.

तू ज्या दिवशी पिवळा रेनकोट घालून आलीस, तो ६ जून होता. त्या दिवशी सकाळी सात वाजता लेंडर्टची याकोबा गेली. लेंडर्ट स्वतः काठावर आला आणि हाक मारून मला सांगितलं. मी पाती रडती केली. मग आत जाऊन बाबांचा काळा कोट शोधत बसलो, तो माळ्यावरच्या पेटीत होता, त्याला इस्त्री करायची होती. तुमची बस येणार हे मी साफ विसरलो होतो. कोट घालून बाहेर आलो तर पाती हसती, आणि खाली तीस बायका टाळ्या वाजवत होत्या.

समोर लेंडर्ट उभा होता. दारात, बाहीला काळी फीत लावून. त्याच्या बायकोला अजून शवपेटीत ठेवलेलं नव्हतं आणि त्याच्या शेजाऱ्याच्या चक्कीने दुःख पुसून आनंद लावला होता.

मी धावत जाऊन पुन्हा पाती फिरवली. तोवर त्याने दार लावलं होतं. दफनाला गेलो तर त्याने माझ्याशी हात मिळवला नाही.

मी त्याला सांगू शकलो असतो की हे माझ्या बहिणीने केलं. पण चक्की माझी, ब्रेक माझा, आणि बहीणही माझीच. चक्कीवाला म्हणून जे झालं ते माझ्या नावावर. शिवाय तुझं नाव सांगितलं असतं तर त्याने तुला कधी माफ केलं नसतं, आणि तुझी ती बडबड बघता तू सगळ्या गावासमोर त्याची माफी मागायला गेली असतीस. म्हणून मूग गिळून बसलो.

दरवर्षी ६ जूनला मी पाती रडती ठेवतो. तो बघतो की नाही ठाऊक नाही. माझ्या मुलीचं लग्न झालं तेव्हा या कालव्यावरच्या सगळ्या चक्क्या हसल्या, चौथी सोडून. नातू झाला तेव्हाही तेच.

गेल्या महिन्यात तीनदा गेलो. तीनदा दारातून परत आलो. आता मला फोटोसाठी हसती पाती लावायला सांगू नकोस.

बास

आपेलडोर्न, ९ मे

प्रिय बास,

पंचवीस दिवस मी तुला लिहिलं नाही. सभागृहातला फोटो मी काढून आणला. अध्यक्षबाईंनी विचारलं का, तर म्हटलं, काच तडकली आहे.

मला तुझा राग आलाय. अकरा वर्षं मी प्रत्येक नाताळात त्या फोटोची गोष्ट सगळ्यांना सांगत आले, आणि तू समोर बसून मनुकांचा पाव खात राहिलास. एकदा तरी थांबवायचंस. मला वाचवायला मी काय सहा वर्षांची आहे?

तुझा राग येऊन झाल्यावर माझा स्वतःचा आला, तो अजून उतरलेला नाही. मी बायकांना पात्यांचा अर्थ समजावत होते, आणि चक्की रडती का आहे हे कुणाला विचारावं, एवढं मला सुचलं नाही.

याबाबत मला जे करायचं होतं ते मी केलंय. विचारू नकोस.

सहल रद्द करायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्या बायकांनी केकचे साचेसुद्धा ठरवलेत. आम्ही येऊ, जिना चढू, कॉफी पिऊ आणि जाऊ. फोटो नाही. पाती कशीही असू देत.

नेल

तिसरी चक्की, रविवार, १९ मे

नेल,

लेंडर्ट काल दुपारी गेला. समोरची पाती थांबली आणि माथा ओलांडून पुढे गेली, तेव्हा कळलं. टिनेकेने लावली, वाकडीच लावली, पण लावली.

मी गेल्या आठवड्यात एकदाही गेलो नाही. म्हटलं, दारात किती वेळा उभं राहायचं, माणसाला काही मान असतो. आणि वेळही नव्हता. तुमच्या बायकांसाठी दुसरा संडास उभा करत होतो. सहा दिवस फळ्या ठोकल्या. त्याच्या खिडकीतून माझ्या हातोडीचे ठोके ऐकू गेले असतील. तो मरत होता आणि मी संडास बांधत होतो.

दफन बुधवारी अकरा वाजता. हो, तोच बुधवार. पेटी चौथ्या चक्कीपासून बांधावरून माझ्या समोरून चर्चकडे जाईल. बाबांना नेलं तेव्हा जे केलं होतं तेच मी करणार आहे. पाती रडती, आणि पेटी बांधावरून पुढे सरकेल तसं चक्कीचं डोकं तिच्यामागोमाग वळवत न्यायचं, म्हणजे चक्की शेवटपर्यंत त्याच्याकडे तोंड करून राहील. १९५१ मध्ये डोकं वळवायच्या मागच्या चाकावर मी होतो आणि लेंडर्ट होता. आम्ही दोघे, तिशीतले, तरी आमच्या जिभा बाहेर आल्या होत्या. आता मी एकटा आहे आणि खांदा हा असा दुखरा आहे. तरी करणार. एवढं एकच उरलंय जे मी त्याच्यासाठी करू शकतो.

म्हणून येऊ नका. हे पत्र मंगळवारी तुला मिळेल. बस दुसरीकडे वळव. ट्यूलिप बघा.

बास

आपेलडोर्न, २५ मे

प्रिय बास,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी अध्यक्षबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ट्यूलिप केव्हाच खुडून झाले, आता तिथे नुसती पानं बघायची का, आणि आयत्या वेळी बदल करणं हे सेक्रेटरीचं अपयश आहे. मी बसमध्ये माइक हातात घेतला आणि सगळं सांगितलं. ७४ सालापासूनचं. एकीनेही केकचा डबा उघडला नाही.

तू मला बघून काय म्हणालास ते मी लिहीत नाही. ते शब्द बाबांनीही कधी वापरले नव्हते. पण तू एकटा त्या चाकाच्या आऱ्यांवर चढून लटकत होतास, बास. साखळी ताणली होती आणि चक्कीचं डोकं वीतभरसुद्धा हलत नव्हतं. पेटी तिकडे घराबाहेर निघाली होती. मग अध्यक्षबाईंनी पर्स माझ्या हातात दिली, बूट काढले आणि म्हणाल्या, "बाजूला व्हा, माझे वडील दूधवाले होते, कॅन मीच उचलायचे." पुढचं तुला माहीत आहे. एका वेळी सहा जणी चाकावर, दोघी साखळीचा आकडा एका खुंटावरून पुढच्या खुंटावर न्यायला, आणि तू ओरडतोयस, "जरा सावकाश, ही काय कपडे वाळवायची दोरी आहे का!"

तू मागे होतास. समोर काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून ते लिहिते. मी कालव्याच्या कडेला उभी राहून तुम्हाला हात करत होते, तेव्हा मला सगळं दिसत होतं.

पेटी बांधावर आली तेव्हा चक्की नदीकडे बघत होती. मग डोकं हललं. आधी करकरलं, मग वळायला लागलं, आणि पाती त्या लोकांच्या बरोबरीने सरकू लागली. पेटी खांद्यावर घेतलेल्या आठ माणसांपैकी पुढचा म्हातारा वर बघून थांबला. टिनेके मागे होती. तिने त्यांना थांबा म्हटलं. ते तुझ्या चक्कीसमोर पेटी घेऊन उभे राहिले, पुरुषांनी टोप्या काढल्या. मग पुढे निघाले, आणि चक्की त्यांच्यामागे वळत राहिली, थेट चर्चच्या वळणापर्यंत. आमच्या मंडळातल्या बायका चाकावर रडत होत्या आणि घामाघूम होत्या. बिचाऱ्यांना लेंडर्ट कोण तेही नीट ठाऊक नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. ही तुला सांगावी की नाही, यात दोन दिवस गेले. लपवून काय होतं ते आपण दोघांनी बघितलंय, म्हणून सांगते.

मे महिन्याच्या सुरुवातीला मी लेंडर्टला पत्र लिहिलं होतं. दोरी मी ओढली, बासने नाही, तो कोट शोधत होता, असं सगळं. दफनानंतर टिनेके माझ्याकडे आली आणि ते पत्र मला परत दिलं. तिने ते त्याला वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, "माहीत आहे. पिवळा रेनकोट होता. बासने जन्मात पिवळं घातलं नाही."

त्याने तुला पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं, बास. म्हणजे तू नव्हतास हे ओळखलं होतं. त्याचा राग पात्यांचा नव्हताच. टिनेकेला तो म्हणाला, "मी त्याच्या बापासाठी चाक ओढलं, आणि हा माझ्यापाशी येऊन एवढं म्हणू शकला नाही की ही माझ्या बहिणीची चूक. मला परका समजला." तू गप्प बसलास म्हणून तो दार लावून बसला. तू मला वाचवत होतास आणि तो तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होता.

पत्र ऐकल्यावर त्याने पलंग खिडकीशी घ्यायला लावला. टिनेकेला सांगून ठेवलं, बास आला तर आत घे. तो सगळा आठवडा दार उघडं होतं. मी ते लिहिलेलं तुला सांगितलं असतं तर तू गेला असतास. "विचारू नकोस" असं लिहिणारी मीच.

आपल्या घरात हे असंच चालत आलंय. मला त्याचा इतका उबग आलाय की सांगता येत नाही.

नेल

ता. क. अध्यक्षबाईंचा एक मोजा चाकापाशी राहिलाय. करडा, लोकरी.

तिसरी चक्की, २८ जून

प्रिय नेल,

मोजा सापडला, कुत्र्याने थोडा खाल्लाय. सोबत पाठवतो.

तुझं पत्र वाचल्याला महिना झाला. आधी तुझ्यावर चिडलो. मग लेंडर्टवर. ऐंशी पावलांचा कालवा, आणि हा माणूस खिडकीत पडून वाट बघतोय. एक टोपी हलवली असती तर मी पोहत गेलो असतो. मग फळ्यांवर चिडलो आणि तो संडास मोडून टाकला. आता त्याचं सरपण झालंय. शेवटी चिडायला मीच उरलो.

६ जूनला आणि त्यानंतरही पाती रडतीच ठेवली. दुखवट्याचे सहा आठवडे पुरे व्हायचेत. समोरचीही तशीच होती. रोज सकाळी उठून दोन रडत्या चक्क्या बघायच्या, हाच दिनक्रम होता.

काल सत्तावीस तारीख. तुझं शुभेच्छापत्र वेळेवर आलं. सत्तर वर्षांचा झालो, त्याचं मला काही नव्हतं. सकाळी खिडकीचा पडदा सरकवला, आणि समोरची चक्की हसत होती.

पहिल्यांदा वाटलं, वाऱ्याने ब्रेक सुटला. मग बघितलं, तर पातं माथ्याला पोचायच्या आधी नीट धरलेलं होतं. पायांत बूट घातले, होडी काढली आणि तिच्या दारावर जाऊन थडकलो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. म्हटलं, "टिनेके, तुझा बाप जाऊन सहा आठवडे झाले नाहीत. दुःखाच्या चक्कीवर कुणी आनंद लावतं का? तुला कुणी शिकवलं हे?"

ती भांडी घासत होती. हात पुसून म्हणाली, "बाबांनी. शेवटच्या आठवड्यात तीनदा बजावलं. सत्तावीस जूनला बास सत्तरचा होतो, त्या दिवशी पाती हसती ठेव, मी असलो तरी आणि नसलो तरी. मी म्हटलं, दुःखात असं कसं ठेवायचं? तर म्हणाले, ठेव. बास येऊन तुझ्यावर ओरडेल. ओरडू दे. मग त्याला आत घे."

मी दारातच उभा राहिलो, नेल. त्याच दारात. ती बाजूला झाली.

त्याची खुर्ची खिडकीशी आहे. तिथून माझी चक्की समोरच दिसते, ब्रेकच्या दोरीसकट. खिडकीच्या कट्ट्यावर माझं सुपाचं भांडं होतं, घासून ठेवलेलं. मी बसलो. तिने कॉफी दिली आणि एकच बिस्कीट दिलं, तिच्या आईची सवय. कॉफी संपवली. मग मी तिला सहा जून चौऱ्याहत्तरची सगळी गोष्ट सांगितली, कोट, माळा, इस्त्री, तुझा रेनकोट. तिला ती माहीतच होती. तरी तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली.

पाती संध्याकाळपर्यंत हसती राहू दिली. मग आम्ही दोघांनी मिळून पुन्हा दुःखाची लावली. तिला अजून ब्रेक धरता येत नाही, घाईने ओढते. बुधवारपासून शिकवायला जाणार आहे.

तुमचं मंडळ पुढच्या वर्षी यायचं म्हणतंय, असं तू शुभेच्छापत्रात लिहिलं आहेस. या. पण आलीस की आधी मला विचार, चक्की अशी का उभी आहे. मी सांगेन.

तुझा,
बास